तीन टोल्यांची वही

"आधी चालून बघू," असं म्हणत ते खाली वाकले आणि बुटाच्या नाड्या आवळायला लागले, की समजायचं, आता निकाल लागेपर्यंत हा माणूस बसणार नाही.

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असायचे, पोलीस पाटील मध्ये हात जोडून उभा असायचा, आणि हे मात्र नाड्या आवळत असायचे. मग दोघा भावांना बरोबर घेऊन शेताला पूर्ण फेरी मारायचे. भोकरदनकडे एकदा त्यांनी अशा दोन भावांना भर उन्हात तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत थोरला म्हणाला, "साहेब, टेकू द्या आता." धाकट्याने आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं. हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता काढ साखळी. आता बराबर मोजणी होती."

असा माणूस तुमच्याही कचेरीत कुणी असेल. नसेल तर असायला हवा होता.

मी मोजणी कार्यालयात लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. ते मोजणीदार, मी नकाशे उतरवून घेणारी. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला 'माय' म्हणायचे, आमच्याकडे लहान मुलीलाही प्रेमानं म्हणतात तसं. नाव लिहीत नाही. स्वतःच्या नावापेक्षा गावाचं नाव बरोबर लिहिलं गेलं पाहिजे, असं मानणारा तो माणूस होता.

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घरापासून कचेरीपर्यंत किती पावलं, बस स्टँडपर्यंत किती, हे त्यांना तोंडपाठ. मध्ये रिक्षा आडवी आली तर वळशाची चार पावलं वजा करायचे. काकू एकदा चहा देताना म्हणाल्या, "लग्नात सप्तपदी बी मोजूनच चालले हे. भटजी सहा म्हणाला तर यांनी त्याला सातवं सांगितलं." काका मान खाली घालून हसले. "चूक हुती त्याची," म्हणाले.

पहिल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. "माय, तुझं अक्षर चांगलं हाय. एवढा अर्ज उतरवून दे."

अर्ज तीन परिच्छेदांचा होता. गडचिरोलीपलीकडच्या जंगलातले तीन टोले, म्हणजे तीन लहान वस्त्या, मोजणीच्या वेळी प्रत्यक्ष पाहिल्या असूनही नकाशात आलेल्या नाहीत, तरी त्या घ्याव्यात, असं त्यात लिहिलं होतं. खाली तिन्ही नावं: इरुपनार, मर्कानार, तोयागुडा.

मी विचारलं, "काका, हे कुठंशी आलं? आणि आपला काय संबंध?"

"मी गेल्तो तिथं," ते म्हणाले. "लई वर्षं झाली."

पुढे सहा वर्षं, दर मार्चला, मी तो अर्ज उतरवून दिला. त्या काळात चहाच्या सुट्टीत, जीपमध्ये, कुणाच्या बांधावर डबा खाताना, त्यांनी मला ती हकीकत तुकड्यातुकड्यानं सांगितली. ती आता सलग सांगते.

काका तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, लग्नाला दीड वर्ष झालेलं. त्या जंगलातली पुष्कळ गावं तोवर मोजलेलीच नव्हती. नकाशावर नदी एका कडेनं आत शिरायची, दुसऱ्या कडेनं बाहेर पडायची, आणि मध्ये नुसता पांढरा कागद. तिथं एक तुकडी जाणार होती आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून मोजणीदार हवे होते. जालन्याच्या कचेरीत कुणाची आई आजारी निघाली, कुणाची कंबर धरली. काकांनी हात वर केला.

घरी काकूंनी विचारलं, "जंगल कधी पाह्यलंय का तुम्ही?"

"न्हाई."

"मंग?"

"म्हणून तर जाऊन राह्यलो."

तुकडीत नऊ माणसं होती. एक प्रमुख, दोघं मोजणीदार, साखळी ओढणारे, स्वयंपाकी, आणि वाट दाखवायला मासू नावाचा माडिया तरुण. मासूने काही वर्षं लाकूडतोडीच्या ठेकेदाराकडे काम केलं होतं, म्हणून त्याला मराठी येत होती. रस्ता संपला तिथे ट्रकने त्यांना उतरवलं. पुढे पायीच.

"पहिले चार दिवस मला भ्या वाटलं," काका सांगायचे. "वाघाचं न्हाई. आपल्याकडं माणूस उभा राह्यला की चार कोस दिसतंय. तिथं चार हातावरचं दिसंना. मोजायचं म्हंजे आधी दिसाया पाह्यजे ना?"

त्यांनी नदी ओलांडली ती एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीतून. मोजणीची तीन पायांची फळी होडीत उभी राहीना, म्हणून काकांनी ती डोक्यावर धरली आणि पैलतीर येईपर्यंत मान हलवली नाही. नंतर दोन दिवस त्यांना मान वळवता येत नव्हती. उजवीकडे बघायचं असलं तर सगळं अंगच वळवायचे, आणि मासू त्यांच्या मागे तसाच चालून दाखवायचा.

वाटेतली गावं मोजत अकराव्या दिवशी ते इरुपनारला पोहोचले. वस्तीत कुणीच नव्हतं. चुलीत विस्तव होता, मडक्यात आंबील होती, कोंबड्या अंगणात चरत होत्या. माणसं ह्यांना बघून रानात गेली होती.

प्रमुख वाईट माणूस नव्हता, असं काका आवर्जून सांगायचे. त्याच्या डोक्यात पावसाळ्याची तारीख होती, एवढंच. तो म्हणाला, "बरंच झालं. कुणी मध्ये येणार नाही. अंगणांतून साखळी टाका, दुपारपर्यंत उरकू."

काकांनी साखळी खाली ठेवली. "माणसं घरात नसताना घरात शिरत न्हाईत, साहेब."

"हा हुकूम आहे."

"तुम्ही लिहा वर. मी बसतो."

आणि ते वस्तीबाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. मासू त्यांच्या शेजारी बसला. मग साखळीवाले बसले. प्रमुख थोडा वेळ उभा राहिला आणि शेवटी त्यानंही पाठीवरची पिशवी काढली. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर एक म्हातारी पाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन एकटीच आली. तिचं नाव जुरी. ती समोर उकिडवी बसली, तुंबा मध्ये ठेवला आणि साखळीकडे बोट दाखवून मासूला काहीतरी विचारलं.

मासू हसायला लागला. काकांनी विचारलं, "काय म्हणती?"

"विचारते, तुमच्या गावातली जमीन संपली का, म्हणून इथली मोजायला आलात?"

काका म्हणाले, "तिला सांग, जमीन हाय. झाडं संपली."

मासूने सांगितलं. जुरीने काकांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग तिने तुंबा त्यांच्याकडे सरकवला. काका पाणी प्यायल्यावर तिने मागे वळून हाक दिली, आणि झाडांमधून माणसं बाहेर आली. ती इतकी जवळ होती, की काका म्हणायचे, "त्यांनी आमचं घोरणं सुदिक ऐकलं असणार."

पुढचे दोन दिवस जुरीने त्यांना गावाची शीव फिरवून दाखवली. उतारावरचं जे रान काकांना ओसाड वाटत होतं, ते तिच्या हिशेबानं शेत होतं. हा तुकडा तीन पावसाळ्यांमागे पिकवला, आता तो झोपलाय. हा पुढच्या वर्षी उठेल. ह्या दगडापाशी देव, त्या ओढ्यापाशी मेलेली माणसं. काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मोजणीच्या वहीत आकडे असतात. ह्या वहीत आकड्यांच्या शेजारी घरवार माणसांची नावं होती, झाडांची होती, ओढ्यांची होती. जुरी एकेक नाव दोनदा म्हणून घ्यायची. चुकलं की काठीनं त्यांच्या बुटावर टिचकी मारायची.

मर्कानार तिथून अर्ध्या दिवसावर होतं, तेही झालं. तोयागुडा मात्र डोंगराच्या पलीकडे होतं. आणि ढग आले.

प्रमुख म्हणाला, "पुरे. नदी भरली तर अडकू."

"मला तीन दिवस द्या."

"चौथ्या दिवशी आम्ही निघणार. मग माझ्यावर राग धरू नका."

काका आणि मासू डोंगर चढून गेले. तोयागुड्यात अकरा घरं होती. लोक पळाले नाहीत. जुरीचा निरोप आधीच पोहोचला होता. काकांनी शीव चालून घेतली, अकराही घरं लिहिली, आणि तिथेच त्यांना ताप भरला. हिवतापाने दात वाजायला लागले. मासूने वही मेणकापडात गुंडाळली आणि स्वतःच्या पोटाशी बांधली. हे दोघं डोंगर उतरून आले तोवर पाचवा दिवस उजाडला होता. तुकडी चौथा दिवसही वाट पाहून गेली होती.

तिथून चार दिवसांची वाट तिन्ही टोल्यांच्या पुरुषांनी काकांना खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. चौघं खांदा द्यायचे, चौघं वाट मोकळी करायचे. नदीला पूर होता. खाट हातांवर उचलून त्यांनी ती पार केली. त्यातलं काकांना फार थोडं आठवायचं. "वर पानं आणि खाली कुणाचा तरी श्वास," एवढंच सांगायचे.

दवाखान्यातून उठून ते जालन्याला परतले. दोन वर्षांनी नकाशा तयार झाला. त्यात तिन्ही टोले नव्हते. तिन्हींची नोंद काकांच्या वहीतच होती; त्या पानांच्या नकला त्यांनी तुकडी परतल्यावर दाखल केल्या, त्यांवर प्रमुखाची सही नव्हती, म्हणून त्या धरल्या गेल्या नाहीत. त्या जागी 'घनदाट वन' असं छापलं होतं.

त्या मार्चला त्यांनी पहिला अर्ज केला.

दरवर्षी एकच उत्तर यायचं: आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. मी एकदा चिडून म्हणाले, "काका, कोण वाचतं हो हे?" त्यांनी ते उत्तर फायलीत लावलं आणि म्हणाले, "पाठवला म्हंजे अर्ज चालून राह्यला, माय. बसला न्हाई."

निवृत्तीनंतरही मार्च चुकला नाही. फक्त आता ते कागद घेऊन माझ्या घरी यायचे. गुडघा धरला होता, काठी आली होती. पावलं मोजणं चालूच होतं. काठीचं पाऊल वेगळं धरायचं की नाही, यावर त्यांचा आणि माझ्या नवऱ्याचा एकदा तासभर वाद झाला.

आणि तीन वर्षांमागे त्यांना एक फोन आला. पलीकडून एक मुलगी बोलत होती. म्हणाली, "मी मैनी. इरुपनारची. तुम्ही आमच्या गावाचे अर्ज करता, ते तुम्हीच ना?"

वनहक्काचे दावे भरण्याचं काम ती गावासाठी करत होती. तिन्ही टोले पूर्वीपासून तिथे आहेत, याचा पुरावा मागितला होता. तालुक्याच्या एका फायलीत तिला काकांचे अर्ज सापडले, दरवर्षीचा एक, आणि प्रत्येकावर जालन्याचा पत्ता, अलीकडच्यांवर फोन नंबरही.

"तुमच्याकडं काही जुना कागद आहे का, काका?"

"वही हाय," काका म्हणाले. "कधी येऊ?"

त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला, ह्या वयात, ह्या गुडघ्यानं कुठं निघालात? काकांनी फोन काकूंकडे दिला. काकू म्हणाल्या, "मी सांगून थकले, आता तू कशाला थकतो? दशम्या करून राह्यले मी, ठेव फोन." मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. रेल्वे, मग बस, मग जीप. आता नदीवर पूल होता. पूल संपेपर्यंत काका खिडकीतून खाली बघत राहिले.

सुनावणी एका शाळेच्या वर्गात होती. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने वहीची पानं काळजीपूर्वक उलटली आणि म्हणाला, "ह्यावर कुणाची सही नाही. ही त्याच वेळची आहे, हे मी कसं समजू?"

काका उभे राहिले. "घरं वाचतो. तुम्ही ऐका, आणि ही मागं बसलेली माणसं बी ऐकू द्या."

त्यांनी इरुपनारचं पहिलं घर वाचलं. घरधन्याचं नाव, बायकोचं नाव, मुलं किती. मागच्या बाकावरून एक मध्यमवयीन माणूस उठला. "माझा आजा." दुसरं घर. एक बाई उठली. "माझा बाप." तिसरं. चौथं. मैनी अधिकाऱ्याला मराठीत सांगत होती आणि वर्ग हळूहळू उभा राहत होता. सातव्या घराला कुणीच उठलं नाही. काकांनी नाव पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी मैनी हळूच म्हणाली, "त्या घरचं कुणी राहिलं नाही, काका." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आठवं घर वाचलं.

जुरी केव्हाच गेली होती. मासूही नव्हता. पण खाट वाहणाऱ्यांपैकी एक म्हातारा जिवंत होता. बाहेर आल्यावर त्याने काकांना दोन्ही हातांनी चाचपून बघितलं आणि मैनीला काहीतरी म्हणाला. ती तोंडाला ओढणी लावून हसली.

"काय म्हणून राह्यले?" काकांनी विचारलं.

"म्हणतात, आता वाळलास. तेव्हा फार जड होतास."

काका इतके हसले, की मला त्यांना धरावं लागलं. हसता हसता त्यांनी त्या म्हाताऱ्याचा खांदा चोळला, दुखऱ्या जागेला तेल चोळावं तसा.

दोन टोल्यांचे दावे मंजूर झाले. तोयागुड्यासाठी अधिकाऱ्याला जागेवर जाऊन पाहणी करायची होती, ती पुढे ठरणार होती. डोंगराच्या पायथ्यापर्यंत काका गेले. वर बघितलं. गुडघ्याने नकार दिला. "पाहणीच्या वक्ताला चढू," म्हणाले. "तवर गुडघा तयार करतो." आणि जालन्याला परतल्यावर खरंच रोज सकाळी जिना चढायला लागले. आधी एक मजला, मग दोन.

पाहणीची तारीख आली तेव्हा काका नव्हते. त्या थंडीत न्यूमोनियाने पाच दिवसांत गेले. मैनीचा फोन काकूंच्या सांगण्यावरून मी घेतला. मी सांगितलं. तिने आधी काकूंची चौकशी केली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, असं विचारताना मला कसंतरीच होतंय. पण जागेवर मूळ वही दाखवावी लागेल. झेरॉक्स चालणार नाही."

मुलगा म्हणाला, कुरिअरने पाठवू. काकूंनी वही पदराखाली घेतली.

"बिलकुल न्हाई. हरवली म्हंजे? मी घेऊन जाते."

"आई, डोंगर आहे तिथं."

"मंग चढीन."

काकू तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्या डोंगरावर पाच ठिकाणी बसल्या. बसलं की वही मांडीवर घ्यायच्या, उठताना कुणी हात पुढे केला तर आधी वही सांभाळायच्या, मग हात धरायच्या. मैनी म्हणाली, "आज्जी, वही मी धरू का?" काकू म्हणाल्या, "तू मला धर."

तोयागुड्यात आता एकोणीस घरं आहेत. अधिकारी शीव फिरला, दगड बघितले, देवाची जागा बघितली, वहीतला ओढा आणि समोरचा ओढा ताडून पाहिला. मग एका अंगणात बसून त्याने पंचनामा लिहिला. लोकांनी अंगठे उमटवले, सह्या केल्या. त्याने वही दोन्ही हातांनी काकूंना परत दिली आणि म्हणाला, "जुळतं सगळं."

काकू अंगणाच्या कडेला एका खडकावर बसल्या होत्या. पायांत गोळे आले होते. समोर डोंगराचा उतार, त्याखाली झाडंच झाडं, आणि लांब कुठेतरी, दिसेल न दिसेल अशी, नदी.

"इथवर आल्ते?" त्यांनी मला विचारलं.

"हो, काकू."

"ताप घेऊन?"

"हो."

त्यांनी वहीवरचं मेणकापड नीट केलं. डोळ्यांना पदर लावला, पण आवाज घट्ट होता.

"मला कार्ड धाडलं हुतं तवा," त्या म्हणाल्या. "लिवलं हुतं, जरा आत गेल्तो, म्हणून उशीर होऊन राह्यलाय."